जट, यल्लम्मा आणि घरातली फणी

१/५ सोलापूरपासून बेळगावपर्यंतच्या सीमाभागात मुलीच्या केसांत जट आली, की तो यल्लम्माचा कौल समजला जाई. कापल्यास देवीचा कोप होईल, या भयाने फणी बंद होई. जटेला हळद-कुंकू वाहिले जाई. कित्येक मुली अशाच देवीला सोडल्या गेल्या.

२/५ वस्तुतः जट म्हणजे न विंचरलेला गुंता. आजारपण, उवा, धूळ, मळ ही त्याची साधी कारणे. पोलंडमध्येही लोक ती कापण्यास भीत. १९व्या शतकात क्राकोचे डॉक्टर युझेफ डिट्ल त्या समजुतीविरुद्ध लढले.

३/५ देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांताने १९३४ मध्ये, कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा केला. परंतु कायदा देवळाच्या पायरीशी थांबतो; जट घरात वाढते.

४/५ म्हणून मला अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांची रीत अधिक मोलाची वाटते. ते आधी घरच्यांची समजूत घालतात, मगच कात्री हाती घेतात.

५/५ यात्रेला निघताना लेकीची वेणी घालावी, परतल्यावर केस धुऊन विंचरावेत. तेलफणी हीदेखील समाजसुधारणाच आहे. तिच्या नावावर सनावळी नसते, एवढेच.