आधी मॉनिटर, मग कॉम्प्युटर

फोटो एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घेणाऱ्याला सर्रास मिळणारा सल्ला असा: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड परवडेल तितके भारी घ्यावे, आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो मॉनिटर. जालना, अंबड, भोकरदन, परतूर अशा गावांत लग्नसराईवर चालणाऱ्या स्टुडिओंसाठी हा सल्ला घातक आहे. कॉम्प्युटर मंद असेल तर काम उशिरा होते. मॉनिटर खोटा असेल तर काम चुकते, आणि ते चुकले हे अल्बम छापून हातात पडेपर्यंत कळत नाही.

वेगाचा आग्रह निराधार आहे असे नाही. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाईल साधारण २५ ते ३० एमबीची. एका लग्नाचे तीन हजार फोटो धरले तरी ७५ ते ९० जीबी होतात. १२ बाय ३६ इंची अल्बमचे पान ३०० डीपीआयला ३,६०० बाय १०,८०० पिक्सेलचे, म्हणजे जवळपास ३.९ कोटी पिक्सेल. फोटोशॉपमध्ये अशा पानाचा एकेक थर सव्वाशे एमबीच्या आसपास जागा खातो. इथे १६ जीबी रॅम तोकडी पडू लागते, ३२ जीबी पुरते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी हवीच. मात्र ही गरज मध्यम प्रोसेसरही भागवतो. महागडे ग्राफिक्स कार्ड लाईटरूममधल्या एआय डिनॉईजसारख्या मोजक्या कामांत खरे उपयोगी पडते. रोजच्या रंगदुरुस्तीत त्याची किंमत वसूल होत नाही.

उलट हळदीचा एक फोटो पाहावा. नवरीच्या गालावरची हळद उन्हात इतकी गडद पिवळी येते की फाईलमध्ये लाल रंगाचा आकडा २५५ ला भिडतो आणि निळ्याचा शून्यावर टेकतो. मग बोटांचे ठसे, ओल्या-सुक्या थरांतला फरक हे सगळे जाऊन सपाट पिवळा डाग उरतो. नीट जुळवलेल्या आयपीएस पॅनलवर हा डाग तिथल्या तिथे दिसतो आणि रॉ फाईलमधून पोत परत आणता येतो. स्वस्त टीएन पॅनलवर मान जरा वरखाली झाली की त्वचेचा रंगच बदलतो. अशा वेळी एडिटर फोटो सुधारत असतो की पडद्याचा दोष, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

‘गेमिंग मॉनिटर महाग, म्हणून चांगला’ हा दुसरा गैरसमज. १४४ हर्ट्झचा वेग हलत्या चित्रासाठी असतो. स्थिर फोटोला त्याचा काडीचाही उपयोग नाही. खोक्यावरच्या ‘१०० टक्के एसआरजीबी’वरही विसंबू नये. तो आकडा रंगांचा आवाका सांगतो, अचूकता नाही. अचूकतेचे माप डेल्टा-ई; ते २ च्या आत असावे. २७ इंचात २५६० बाय १४४० पिक्सेल या कामाला पुरेसे आहेत. ४के नसल्याने फोटो बिघडत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते झगझगीत पडद्याने. छपाईच्या कामाला ८० ते १२० निट्स उजेड योग्य. नवा मॉनिटर बहुधा याच्या दुपटीहून अधिक उजेडावर लावलेला येतो. त्यावर फोटो उजळ वाटतो, म्हणून एडिटर त्याचा उजळपणा उतरवतो, आणि अल्बम काळवंडून येतो. दोष मात्र लॅबच्या माथी मारला जातो.

‘गिऱ्हाईक शेवटी मोबाईलवरच बघते, मग एवढा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण मोबाईल सगळे एकसारखे नसतात. कोणी रंग भडक करतो, कोणी थंड. मूळ फाईल प्रमाणाला धरून असेल तरच ती सगळीकडे बऱ्यापैकी दिसते. शिवाय घरात वर्षानुवर्षे राहतो तो छापील अल्बम.

रंगांचा आवाका जितका मोठा तितका उत्तम, हेही सरसकट खरे नाही. बहुतेक अल्बम लॅब एसआरजीबी फाईलच घेतात. ॲडोब आरजीबीची फाईल तशीच पाठवली तर रंग फिके पडण्याचा धोका असतो. जालन्यात मात्र याला एक रास्त अपवाद आहे. १९६४ साली इथे महिको या बियाणे कंपनीची स्थापना झाली, आणि बियाणे उद्योग ही या शहराची ओळख बनली. बियाण्याच्या पाकिटावरची मिरची किंवा पालेभाजी चार शायांत छापली जाते, आणि त्या शायांतल्या काही निळसर हिरव्या छटा एसआरजीबीच्या बाहेर पडतात. असे काम करणाऱ्याने ॲडोब आरजीबी दाखवणारा मॉनिटर जरूर घ्यावा.

कोणताही मॉनिटर कलरीमीटरने ६५०० केल्विन आणि २.२ गॅमावर जुळवून घ्यावा. बॅकलाईट वापराने बदलत जातो, म्हणून हे दर महिन्याला करावे. एक कलरीमीटर दोन-तीन स्टुडिओंनी मिळून घेतला तरी चालतो. पडद्यावर शटरमधून थेट ऊन येऊ नये, आणि पाठची भिंत गडद हिरवी-निळी नसावी, कारण डोळा तिच्या रंगाला सरावतो आणि पडद्यावरचा पांढरा त्याला वेगळा भासतो. वीज वारंवार जाते तिथे साध्या इन्व्हर्टरवर न विसंबता यूपीएस लावावा. पैसे अपुरे असतील तर जुन्याच कॉम्प्युटरला एसएसडी आणि रॅम वाढवून आधी मॉनिटर व कलरीमीटर घ्यावा. ग्राफिक्स कार्ड पुढच्या हंगामातही घेता येते.