रत्नागिरीच्या बजेटमध्ये आधी काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्याच पैशाचा आहे, तेव्हा चहा घेऊन निवांत वाचा.

इतकी वर्षं प्रशासकांनी चालवलेल्या आपल्या नगर परिषदेत आता निवडून आलेलं सभागृह आहे. त्याचं पहिलं बजेट आता येऊ घातलंय. त्यात पंधराव्या वित्त आयोगाचा काळ मार्च 2026 अखेरपर्यंतचा आणि एप्रिल 2026 पासून सोळाव्याचा. म्हणजे शहरात पैसा कुठे मुरवायचा हे नव्याने ठरवायची वेळ हीच. आणि नेमक्या या वेळी आपल्या ग्रुपवर कसल्या मागण्या फिरताहेत? चौकात हायमास्ट हवा, प्रवेशद्वारावर कमान हवी, सेल्फी पॉइंट हवा, अमक्या उद्यानात कारंजं हवं. शहरात तारांगण झालं, पुतळे उभे राहिले, रोषणाई झाली. पाहुणे आले की आपणही त्यांना हौसेने फिरवून आणतो, मीही आणतो. त्यात वाईट काही नाही. पण मे महिन्यात त्याच पाहुण्यांना आंघोळीला बादलीभर पाणी देताना आपला जीव खालीवर होतो, हेही खरंच ना?

आधी पाण्याचं बोलतो.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाडा त्याच्या पाव पावसावर वर्ष काढतो. तरी मे उजाडला की आपल्याकडे कपातीच्या सूचना येतात. याचं अर्धं कारण आपल्या जमिनीत आहे. जांभा दगड पाणी पितो आणि तितक्याच वेगाने सोडून देतो. सड्यावर पडलेला पाऊस बघता बघता समुद्रात पोचतो. सगळा भार मग शीळ धरणावर. उरलेलं अर्धं कारण मात्र आपण केलेलं आहे, आणि ते आहे गळती.

हिशोब सोपा आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या 76 हजारांच्या आसपास. केंद्राच्या नगरविकास खात्याने घालून दिलेला मापदंड माणशी रोज 135 लिटरचा. म्हणजे शहराला रोज साधारण एक कोटी लिटर पाणी लागतं. याच मापदंडानुसार गळती आणि हिशोबाबाहेर जाणारं पाणी 20 टक्क्यांच्या वर असू नये. आता समजा, आपल्याकडे ते 30 टक्के आहे. (समजा म्हणतोय, कारण खरा आकडा मोजून जाहीर करा हीच तर माझी पहिली मागणी आहे.) तर रोज 30 लाख लिटर गेले. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोजचे तीनशे टँकर! तेही शुद्ध केलेलं, वीज जाळून वर चढवलेलं पाणी.

सुधारित पाणी योजनेसाठी शहरभर खोदकाम झालं, ते आपण सगळ्यांनी सोसलं. मोठ्या वाहिन्या बदलल्या की लोकांना वाटतं काम संपलं. पण मोठ्या वाहिनीइतकीच गळती घराच्या जोडणीपाशी होते. जुनी गंजलेली अर्धा इंची लाइन, गटारातून गेलेली, सांध्याला सुतळी आणि सफेदा लावलेली. पाणी बंद असताना हीच लाइन गटारातलं पाणी आत ओढते. पावसाळ्यात कावीळ आणि जुलाब कुठून येतात हे डॉक्टरांना विचारायची गरज नाही. तेव्हा प्रत्येक टाकीखालच्या भागाला मीटर लावा. टाकीतून किती सुटलं आणि घरांत किती पोचलं, हे दर महिन्याला नगर परिषदेच्या फलकावर लावा. या कामाला कमान उभारण्यापेक्षा फार जास्त पैसे लागत नाहीत. अडचण एकच आहे, त्याला फीत कापता येत नाही.

दुसरा मुद्दा वादळांचा. 3 जून 2020 ला निसर्ग आलं, 16 मे 2021 ला तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. निसर्गने 'बसरा स्टार' नावाचं अख्खं जहाज मिऱ्याच्या बंधाऱ्यावर आणून टाकलं. ते बघायला आपण सगळे गेलो, फोटो काढले. पण वादळात वीज गेली की पंप थांबतो, आणि पंप थांबला की टाक्या रिकाम्या, याचा फोटो निघत नाही. पाणी उपसण्याच्या ठिकाणी पुरेशा क्षमतेचा जनरेटर, त्याचं डिझेल आणि तो दर महिन्याला चालवून बघणारा माणूस, ही तरतूद बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. आणि पानवलच्या जुन्या धरणाचं काय ते एकदा ठरवा. तिथलं पाणी उताराने शहराकडे येऊ शकतं. विजेविना येणारं पाणी हाताशी असताना ते दुरुस्तीअभावी पडून राहणं आपल्याला परवडणारं नाही.

आता गटारं आणि पऱ्या. आपलं शहर दोन मजली आहे. मारुती मंदिर, शिवाजीनगर, नाचण्याकडचा भाग वर. मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा, पांढरा समुद्र खाली. वर जेवढं काँक्रीट वाढतं, तेवढं पाणी खाली जास्त वेगाने येतं. पूर्वी गडग्यापलीकडे माड-पोफळीची बाग असायची, तिथे ते मुरायचं. आता तिथे पार्किंगचे पेव्हर ब्लॉक आहेत. वरच्यांनी अंगण फरशीने मढवायचं आणि खालच्यांनी घरात शिरलेलं पाणी उपसायचं, असा हा व्यवहार. त्यात भर पावसात समुद्राला उधाण असेल तर गटाराचं तोंडच पाण्याखाली जातं. पाणी बाहेर जायचं सोडून उलटं आत येतं. यावर उपाय अवघड नाही. समुद्राकडच्या तोंडांना एकाच बाजूने उघडणाऱ्या झडपा बसवायच्या आणि पऱ्याचा गाळ पहिल्या पावसाच्या आत काढायचा. पण त्याआधी शहरातल्या प्रत्येक पऱ्याचा नकाशा हवा: कुठून निघतो, कुठे अरुंद केलाय, कोणाच्या संरक्षक भिंतीखाली गायब झालाय. हा नकाशा तयार झाला तर काही वजनदार मंडळींच्या भिंतीही त्यात दिसतील. बहुधा म्हणूनच तो होत नाही.

चिपळूण आठवा. 22 जुलै 2021 चा पूर ओसरल्यावर तिथल्या लोकांनी सुशोभीकरण मागितलं नाही. वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं आणि गाळ काढायला लावला. आपण खाडीत बुडायची वाट बघायची का?

काँक्रीटच्या रस्त्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. काँक्रीटला माझा विरोध नाही, आपल्या पावसात डांबर टिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. विरोध आहे तो क्रमाला. रस्ता आधी आणि पाइप नंतर, हा प्रकार बंद व्हायला हवा. काँक्रीट फोडून टाकलेला पाइप म्हणजे दुप्पट खर्च, आणि वरून मारलेलं ठिगळ दोन पावसांत उखडतं. म्हणून ठराव असा करा: ज्या रस्त्याखालची पाण्याची लाइन, गटार आणि केबलची नळी पूर्ण झाल्याचा दाखला अभियंत्याने सहीनिशी दिलेला नाही, त्या रस्त्याच्या काँक्रीटचं बिल निघणार नाही.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं: "अहो, तो निधी त्याच कामासाठी आलेला असतो, तो पाण्याला वापरता येत नाही." हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त फसवतं. निधीचे कप्पे असतात हे मान्य. पंधराव्या वित्त आयोगाने आपल्यासारख्या शहरांचं 60 टक्के अनुदान बांधून दिलं होतं, निम्मं पाण्याला आणि निम्मं स्वच्छता-कचऱ्याला. उरलेलं 40 टक्के मोकळं होतं. ते कुठे गेलं? नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन, यांचे प्रस्ताव आकाशातून पडत नाहीत. ते आपल्याच नगर परिषदेतून जातात. आपण कारंज्याचा प्रस्ताव पाठवला तर कारंज्याचाच पैसा येणार! शिवाय बऱ्याच योजनांत नगर परिषदेला आपला हिस्सा घालावा लागतो, तो आपल्या घरपट्टीतून जातो. आणि उद्घाटन झाल्यानंतरचं वीजबिल, रखवालदार, दुरुस्ती यांना तर कुठलीच योजना पैसे देत नाही. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी रेलिंग किती वर्षं टिकतं ते मांडवीला जाऊन बघा. स्टीलसुद्धा गंजतं तिथे. म्हणून माझी मागणी आहे, नव्या प्रत्येक कामाच्या प्रस्तावासोबत पुढच्या दहा वर्षांचा देखभालीचा खर्च लिहा. तो कुठून येणार हे लिहिता येत नसेल तर ते काम आत्ता नको.

सांडपाण्याबद्दल थोडक्यात. अख्ख्या शहराची भुयारी गटार योजना हे मोठं काम आहे. आपल्या कातळात खोदाई महाग आणि चढउतार फार. त्याची वाट बघत बसण्यापेक्षा घराघरांतल्या शौचटाक्या दर तीन वर्षांनी उपसायचं वेळापत्रक करा आणि तो मैला शुद्ध करण्याचं छोटं केंद्र उभारा. नाहीतर तो कुठल्या ना कुठल्या पऱ्यातून समुद्रात जाणारच, जिथले मासे आपण चवीने खातो. कचऱ्याचं तर दांडेआडोमच्या जागेचा वाद ऐकून कान किटले. वेंगुर्ला आपल्यापेक्षा कितीतरी लहान, तिथल्या नगर परिषदेने ओला-सुका काटेकोर वेगळा करून कचऱ्याच्या जागी फिरायला जाता येईल असं ठिकाण केलं. आपल्याच कोकणातलं उदाहरण आहे, अभ्यास दौऱ्याला परदेशी जायला नको.

आता न आवडणारी गोष्ट. हे सगळं फुकट होणार नाही. नळाला मीटर बसले पाहिजेत आणि जो जास्त वापरतो त्याने जास्त पैसे भरले पाहिजेत. बंगल्यापुढे पाइप लावून गाडी धुणारा आणि राजिवड्यात चार हंडे भरून ठेवणारी बाई, दोघांना सारखीच पाणीपट्टी हा न्याय नाही. मी हे लिहिलं म्हणून काही मित्र रागावतील. रागावू द्यात. पण आधी गळतीचा आकडा जाहीर करा आणि मग दरवाढ मागा. उलट क्रमाने आलात तर मीही विरोधात उभा राहीन.

बजेटची सभा होण्याआधी आपापल्या प्रभागाच्या दोन्ही नगरसेवकांना भेटा आणि एवढंच विचारा: आमच्या भागात रोज किती पाणी सुटतं, किती पोचतं, आणि आमचा पऱ्या यंदा कोणत्या तारखेला साफ होणार? उत्तर लेखी मागा. मी माझ्या प्रभागात असं पत्र दिलं आहे. मसुदा हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो. नाव आणि प्रभाग क्रमांक तेवढा बदलून घ्या.