घरी आलेला कुत्रा पलंगाखालीच का बसतो?

मुलांनो, सुट्टी लागली की ‘आम्हाला कुत्रा पाळायचाय’ अशी पत्रं वाढतात. विकतच्या पिल्लापेक्षा शेल्टरमधला कुत्रा आणावा, असंही आता बरेच जण लिहितात. शेल्टर म्हणजे जखमी, आजारी किंवा कुणी टाकून दिलेल्या प्राण्यांना सांभाळणारी जागा. विचार झकास आहे! पण तिथे गेल्यावर आधी प्रश्नांची सरबत्ती होते. घर भाड्याचं आहे का? घरातले सगळे तयार आहेत का? गावाला गेलात तर कुत्रा कुणाकडे? फुकट कुत्रा देतात आणि केवढी ही चौकशी, असं वाटतं ना? पण कुत्रा साधारण 12-15 वर्षं जगतो. आज तुम्ही सातवीत असाल, तर तो म्हातारा होईल तेव्हा तुम्ही नोकरीला लागलेले असाल! शिवाय हौसेने नेलेले कुत्रे चार दिवसांत परत आलेले त्या लोकांनी पाहिलेले असतात.

परत का येतात? आपल्याला वाटतं, आपण त्याला सोडवून आणलं, आता तो शेपूट हलवत मागेमागे फिरेल. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याच्या लेखी तो ओळखीची जागा सोडून परक्या ठिकाणी आलेला असतो. कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्ट, सगळंच नवीन! मग तो पलंगाखाली शिरतो, जेवत नाही, घरात शू करतो.

जाणकार मंडळी तिनाचा हिशोब सांगतात. बिचकणं कमी व्हायला 3 दिवस, घरातल्या वेळा कळायला 3 आठवडे आणि हे घर आपलं वाटायला 3 महिने. हा काही गणितातला नियम नव्हे. एखाद्याला दुप्पट वेळ लागतो. गंमत म्हणजे, आधी गरिबासारखा बसणारा कुत्रा दोन-तीन आठवड्यांनी भुंकायला, चपला फाडायला लागतो. ‘बिघडला’ म्हणून लोक नेमके तेव्हाच त्याला परत धाडतात. खरं तर त्याची भीड चेपलेली असते!

तोवर काय करायचं? त्याला ओढून बाहेर काढू नका, डोळ्यांत रोखून पाहू नका. थोड्या अंतरावर पुस्तक घेऊन बसा, मधूनच पोळीचा तुकडा टाका. सोसायटीतली सगळी वानरसेना पहिल्याच दिवशी बोलावू नका. दार उघडताना मात्र फार जपा. घाबरलेला कुत्रा गळपट्ट्यातून मान सोडवून पळतो आणि नवख्या वस्तीत त्याला परतीची वाट सापडत नाही. म्हणून सुरुवातीला छातीभोवती बसणारा पट्टा वापरा.

कानाचा छोटा तुकडा कापलेला दिसला तर घाबरू नका, ती नसबंदी झाल्याची खूण असते. रेबीजची लस कधी दिली, पुढची कधी, हे कार्डावर लिहून घ्या. लहान पिल्लू उलट्या-जुलाब करू लागलं तर उद्यावर टाकू नका. पार्व्होमध्ये एकेक तास मोलाचा असतो.

आणि खेळताना दात किंवा नख लागलं, तर ‘आई कुत्रा परत पाठवेल’ या भीतीने लपवायचं नाही, बरं का! जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, तिखट-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

पुढच्या अंकात : मांजर दूध प्यायल्यावर पोट का बिघडतं?