गॅसच्या विहिरीत वाळू येते कुठून?

आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात केजी-डी६ ब्लॉकमधलं डी१-डी३ वायूक्षेत्र २००९ मध्ये सुरू झालं आणि २०२० मध्ये बंद पडलं. मधल्या काळात पाणी आणि वाळू शिरल्याने अनेक विहिरी बंद कराव्या लागल्या. ही वाळू आली कुठून?

तेल आणि वायू अनेकदा वाळूच्या कणांनी बनलेल्या खडकात साठतात. खडक भुसभुशीत असेल, तर जोरात उपसा केला किंवा पाणी शिरलं की कण सुटतात. ते व्हॉल्व्ह झिजवतात, विहीर तुंबवतात.

उपाय तीन: विहिरीत जाळी बसवणं, तिच्याभोवती जाडसर वाळू भरणं आणि उपसा बेताने करणं. पहिल्या दोन्हींना खर्च येतो, तिसऱ्यात रोजचं उत्पन्न घटतं. पण विहीर बुजली, तर उरलेला वायू खालीच अडकतो.