वारा कमी असेल तर शीड ताणायचं की सैल सोडायचं?

आधी माझीच चूक सांगते.

सहावीच्या चाचणीत मी विचारलं होतं, 'वारा मंद असेल तर शिडाच्या होडीचा नाविक काय करेल?' बहुतेकांनी लिहिलं, शीड घट्ट ओढून धरेल. एका मुलीने लिहिलं, 'थोडं सैल सोडेल.' मी फुली मारली. ती जागेवरूनच म्हणाली, "मॅडम, खळ्यावर ताडपत्री ताणून बांधली की हलत नाही. सैल राहिली की जराशा वाऱ्यानंही फुगते." मी तिला खाली बसवलं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, बरोबर तीच होती! दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर तिचा गुण दिला.

'वारा शिडाला ढकलतो' हे आपण शिकवतो ते अर्धंच खरं आहे. वारा मागून असेल तेव्हा ढकलतो. बाजूने किंवा तिरका समोरून असेल तेव्हा शिडाच्या दोन्ही अंगांनी हवा वाहत जाते, बाहेरच्या फुगीर अंगाला दाब कमी होतो आणि होडी तिकडे ओढली जाते. होडीच्या तळाखालचं पातं तिला आडवं सरकू देत नाही, म्हणून ती पुढे जाते. मंद वाऱ्यात दोर करकचून ओढला की हवेला वळायला जमत नाही, ती शीड सोडून देते आणि होडी मंदावते. म्हणून दोर जरा सोडायचा, शिडाला थोडं पोट येऊ द्यायचं. थोडंच हं. वारा अगदीच पडला असेल तर खोल पोटावरूनही हवा वळत नाही. अशा वेळी नाविक वारा जातो त्या बाजूला सरकून बसतात. होडी किंचित कलते आणि शीड स्वतःच्या वजनाने आकार धरतं.

"बुलढाण्यात समुद्र कुठे?" असं एका पालकांनी विचारलं. मुंबई रस्त्याने चारशे किलोमीटरहून लांब आहे, खरं आहे. पण भूगोलात विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा आपण पाठ करून घेतोच ना? दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी 'तारिणी' घेऊन २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून निघाल्या आणि मे २०२५ मध्ये परतल्या. त्यांनाही तो पट्टा ओलांडावाच लागला. आपल्या मुलांना मात्र तो नकाशावरची एक पट्टी वाटतो.

माझं म्हणणं एवढंच, की हा पाठ फळ्यावर संपवू नका. एक काडी, जाड प्लास्टिकचा त्रिकोणी तुकडा, एका कोपऱ्याला दोरा आणि तुकड्याच्या दोन्ही अंगांना लोकरीचे छोटे धागे. खर्च जवळजवळ शून्य. पंखा नको, त्याची हवा गरगरते. सकाळी परिपाठानंतर मैदानात मंद वारा असतो तेव्हा मुलांना धरायला सांगा. दोरा जास्त ओढला की पलीकडच्या अंगाचा धागा लुळा पडतो किंवा उलटा फडफडतो. फार सोडला की पुढची कडा फडफडते. दोन्ही धागे मागे सरळ वाहू लागले की जमलं. आमच्या वर्गात तेव्हा एकच ओरडा होता, "ढील दे, ढील दे!" पतंगाची भाषा त्यांना आधीच येत होती.

पोरांना दहा मिनिटं द्या, उत्तर लगेच सांगू नका. आणि चाचणीत हा प्रश्न घेणार असाल तर 'का?' साठी वेगळा गुण ठेवा. मी ठेवला नव्हता.