मंगा वाचू द्या, पण सोबत बसून

टीव्हीवरचा डोरेमॉन कडोदऱ्यातल्या मुलांना चांगलाच परिचयाचा आहे. पण तो मुळात पुस्तकातला, जपानी चित्रकथेतला, म्हणजे ‘मंगा’तला, हे किती जणांना ठाऊक असेल? आम्हाला वाटते, मुलांनी एकदा तरी मंगा हातात घेऊन वाचावा.

मूळ जपानी मंगा आपल्या दृष्टीने मागच्या बाजूने उघडतो. चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या. दोन-चार पाने अडखळायला होते, मग डोळे सरावतात. घरी मराठी, बाजारात गुजराती, टीव्हीवर हिंदी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांना ते जड जाणार नाही.

चित्रांची पुस्तके म्हणजे वेळेचा अपव्यय, असे काही पालक म्हणतील. जपानमध्ये मुलांच्या मंगात अवघड चित्राक्षरांशेजारी त्यांचा उच्चार बारीक अक्षरांत छापलेला असतो. गोष्टीच्या ओढीने मुले ती अक्षरे शिकतात. आपल्याकडेही अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’ने अनेकांना वाचनाची गोडी लावलीच की!

मोठ्या मुलांसाठी आम्ही केइजी नाकाझावा यांचा ‘नंगे पैर गेन’ सुचवतो. तोमोको किकुची यांनी तो हिंदीत आणला आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. वडील, बहीण आणि भाऊ त्यांनी त्या दिवशी गमावले. १९७३ पासून त्यांनी हे दुःख गेन नावाच्या मुलाच्या कथेतून मांडले. गेनचे वडील युद्धाला विरोध करतात म्हणून लोक त्यांना देशद्रोही म्हणतात. तुडवला तरी पुन्हा उभा राहणाऱ्या गव्हासारखे व्हा, अशी त्यांची मुलांना शिकवण.

यातील दृश्ये भीषण आहेत, हे खरे. मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने २०१२ मध्ये शाळांना हे पुस्तक मुलांच्या हाती सहज लागणार नाही असे ठेवायला सांगितले होते. लोकांनी टीका केल्यावर २०१३ मध्ये ती सूचना मागे घेतली गेली. आमच्या मते कुलूप हा उपाय नव्हे. आठवी-नववीच्या मुलांसोबत शिक्षकांनी बसावे, वाचावे, प्रश्नांना उत्तरे द्यावीत.

विश्वस्तांना विनंती, पुढील पुस्तकखरेदीत मंगासाठी थोडी जागा ठेवावी. आणि पालकहो, आधी स्वतः एक वाचा, मग मत द्या.