हिस्सा अर्धा, काम कोणाचे?

तंजावरच्या राजवाड्यात शिरलेला मराठी माणूस लांबूनही ओळखू येतो. नायकांच्या दरबारातल्या चोळकालीन कांस्यमूर्ती तो भराभर उरकतो आणि टोकदार टोपी घालून हात जोडून उभ्या असलेल्या संगमरवरी सरफोजीराजांपाशी फोटोसाठी रेंगाळतो. पुढे सरस्वती महाल ग्रंथालयात एखादा मोडी कागद नजरेस पडला की काचेवर बोट टेकवून घरच्यांना सांगतो, ‘हे आपलं!’ धाकट्याने ‘काय लिहिलंय, बाबा?’ म्हणून विचारले की बाबांना बस सुटायची आठवण होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या जिंजीसह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून तर तमिळ मुलखातल्या मराठेशाहीचे आपले प्रेम उतू चालले आहे. प्रेमाला हरकत नाही. प्रश्न कामाचा आहे. १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षे भोसल्यांची गादी तिथे होती, आणि दरबाराचे हिशेबठिशेब मोडीत लिहिले जात होते. त्या दप्तराचा मोठा भाग पुढे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाकडे गेला. विद्यापीठाने त्यातल्या काही कागदांचे तमिळ भाषांतर टिपांसह १९८९ मध्ये तीन खंडांत छापले. तेव्हा आपल्या पूर्वजांचा कारभार समजून घ्यायचा तर आज मराठी माणसाने आधी तमिळ शिकलेले बरे. तमिळ मंडळींनी त्यांच्या वाट्याचे काम केले, वर सरस्वती महालातून मराठी पोथ्या छापून आपल्या वाट्याचेही थोडे उरकले.

तंजावर आणि वाटणी हे नाते तसे जुनेच. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमलवाडीला धाकट्या भावाला, व्यंकोजीराजांना भेटले, ते वडिलांच्या दौलतीतला अर्धा हिस्सा मागायला. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले होते. तेव्हापासून सगळे धाकट्याकडेच होते. बोलणी फिसकटली, व्यंकोजीराजे रातोरात नदीपार निघून गेले. पुढे लढाई झाली, त्यांची हार झाली, समेटही झाला. पण हार मनाला लागली आणि राजे कारभार सोडून उदास बसले. हे कानावर येताच महाराजांनी थोरलेपणाच्या हक्काने पत्र लिहून त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. रिकामे बसून नोकरमाणसांना फुकटचा पगार खाऊ घालू नका, हे दिवस पराक्रमाचे आहेत, वैराग्याला उतारवय पडले आहे, असा त्या पत्राचा रोख. अर्धा हिस्सा मागणाऱ्यानेच कामालाही जुंपले, हे त्यातले विशेष. आपण महाराजांचा आदर्श घेतला तो तिरुमलवाडीपर्यंतच. पत्रापर्यंत अजून पोहोचलो नाही.

नाही म्हणायला आपल्याकडे मोडीचे वर्ग निघतात आणि भरतातही. वर्ग संपला की जो तो आपले नाव मोडीत लिहून डीपीला लावतो, आणि बहुतेकांची मोडी तिथेच संपते. उरतात दोघे-तिघे. ते दप्तराचे रुमाल सोडून बसतात. आधी ओळीभर शिरोरेघ ओढून खाली हात न उचलता लिहिलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते संदर्भावरून ताडायचे. त्यातून कागद तंजावरचा असला की मराठी वाक्यात मध्येच एखादा तमिळ शब्द मोडीचा अंगरखा घालून बसलेला असतो. एका अक्षरापायी सबंध दुपार जाते. आणि संध्याकाळी वर्गाच्या गटावर, ज्याने महिनाभरात एक ओळ लावलेली नसते नेमका तोच विचारतो, ‘काम कुठवर आलंय? जरा वेग वाढवा.’ खाली अकरा जण अंगठे उमटवतात.

पुढे कधीतरी पुस्तक निघते. प्रकाशनाला हेच अंगठेवाले पहिल्या रांगेत असतात, त्यांच्यातल्या निम्म्यांची नावे संपादक मंडळात छापलेली असतात, आणि अक्षरे लावणारा मागे खुर्च्या मांडत असतो, कारण तेही काम कोणी अंगावर घेतलेले नसते.